हुडकेश्वरच्या घरातला माग

हुडकेश्वरचं ते घर भारतीला दलाल अंकुरनेच दाखवलं होतं. पण ती आणि घरमालकीण वच्छलाबाई यांनी त्याला वगळून परस्पर इसार केला, तेव्हा त्याचं डोकं फिरलं. त्यानं भारतीला सहज बोलावं तसं सांगितलं, की दुपारी लाईन गेली, कूलर थांबले, की त्या घरात हातमाग चालतो. म्हातारीचा नवरा मागावर विणता विणताच मेला. खरं तर त्या घरात माग कधी नव्हताच. सगळी वस्तीच नवी. दारावर कोष्ट्याचं आडनाव दिसलं, तेवढ्यावर त्यानं गोष्ट रचली होती. भारतीनं इसार परत मागितला.

मग वच्छलाबाईंकडून अंकुरला वकिलाची नोटीस आली: खोटं सांगून ठरलेला सौदा मोडला, नुकसान भरून द्या. दलालीची नोंदणीही रद्द व्हावी, अशी मागणी होती. धंतोलीतल्या त्याच्या वकिलानं दोनच वाटा सांगितल्या. बोललास ते खरं असल्याचं सिद्ध कर. नाहीतर खोटं बोललो म्हणून दोघींसमोर लिहून दे. भारती सौद्याला परत तयार झाली तर नोटीस मागे घेऊ, असं वच्छलाबाईंनी कळवलं होतं.

म्हणून मे महिन्यातल्या एका दुपारी त्यानं त्या घरात बसून कागदावर सही केली. भारती स्वयंपाकघर पुन्हा बघायला आत गेली, आणि लाईन गेली. कूलरचा पंखा रेंगाळत थांबला. गल्लीतलेही कूलर निमाले.

खट्. जरा थांबून, खट्.

अंकुरला आधी पत्र्याची शंका आली. उन्हानं पत्रा वाजतो. पण पत्रा असा ताल धरत नाही. आवाज फरशीखालून येत होता, आणि मधूनच अडखळत होता.

वच्छलाबाई त्याच्याकडेच पाहत होत्या. "आमच्या मालकायचा धोटा अडकते सुतात," त्या हळूच म्हणाल्या. "जुन्या घरचा माग इकला तवापासून आयकून राहिली मी. कोनाले बोलली नाही. तुले कोनं सांगतलं गा?"

"कोणीच नाही, मावशी. मी मनानंच सांगितलं."

"मंग बरं. तसंच लिहिलं ना तू?"

भारती पदरानं घाम पुसत बाहेर आली. तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

"दादा, ते मागाचं खोटंच होतं ना?"

कागद तिच्या हातात होता. आता खरं सांगितलं, तर सौदा पुन्हा त्याच्याच तोंडानं मोडणार होता.

"मी खोटं बोललो होतो, ताई," तो म्हणाला.

फरशीखालचा माग चालतच राहिला. या वेळी धोटा कुठेच अडकला नाही.