मिरचीच्या रोपाला लिंबू-मिरची

लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत मी दोन उन्हाळे मिरची लावली. मिरची म्हणजे उन्हाचंच पीक, हे माझं मीच ठरवलेलं. रोपं वाढायची, फुलायची आणि मे महिन्यात सगळी फुलं गळून पडायची. शेजारची सीमा म्हणाली, "मालन, दृष्ट लागली गं." मी चिडून रोपालाच लिंबू-मिरची बांधली. अख्खी चाळ फिदीफिदी हसली. फुलं तरीही गळलीच.

मग डोकं चालवलं. त्या उन्हात मलाच गॅलरीत उभं राहवत नव्हतं, तिथे फुलं कशी टिकणार? यंदा गणपती गेल्यावर बी पेरलं, दसऱ्यानंतर रोपं मोठ्या कुंडीत हलवली आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी घातलं नाही. थंडी पडली तशी फुलाफुलाची मिरची झाली.

शनिवारी लिंबू-मिरची विकणारा दत्तू दारात आला. सीमा तिच्या उंबऱ्यात उभीच होती. तिला नीट ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, "दत्तू, मला नुसतं लिंबू दे रे. मिरच्या घरच्या आहेत!"