दुधाच्या साखरेचा दारवान

मी दारवान बोलतोय, माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या एका जंतूच्या अंगावरचा. शास्त्राच्या पुस्तकात मला वाहक प्रथिन म्हणतात. दारवान हे नाव माझं मीच घेतलंय. एवढा मान मला दुसरं कोण देणार?

माझं काम एकच. दुधातली साखर ओळखायची आणि आत घ्यायची. माझ्या पोटात एक खोबण आहे. दुधाच्या साखरेत दोन लहान साखरा जोडलेल्या असतात. त्यातली एक त्या खोबणीत नेमकी बसली, की मी बाहेरची बाजू मिटतो आणि आतली उघडतो. उसाची साखर दारात कितीही घुटमळली तरी मी ढिम्म हलत नाही.

पण मी जन्मलो नरडाण्याजवळच्या एका गावच्या विहिरीत. काठावर कुणी बाळाचे लंगोट धुतले, त्यातून आमचं घराणं तिथं उतरलं. विहिरीत दूध कुठलं? म्हणून आमच्या जंतूनं माझ्यासारखे दोन-चारच दारवान ठेवले होते, तेही रिकामटेकडे. आमच्या शेजारीच हगवणीचे जंतू राहायचे.

१९८८च्या उन्हाळ्यात गावात हगवण पसरली. धुळ्यातल्या देवपूरच्या प्रयोगशाळेतून तपासणीच्या पाण्यासाठी बाटली आली. विहिरीला लागून वच्छलाबाईंचं घर, म्हणून ती त्यांनीच भरून दिली. कागद आला, पाणी पिण्यालायक आहे. मग विहिरीत जंतू मारायची पावडर टाकायची राहूनच गेली. आठवड्यात वच्छलाबाईंची नात धुळ्याच्या दवाखान्यात सलाईनवर होती.

वच्छलाबाई तरातरा प्रयोगशाळेत गेल्या. पाणी तपासणाऱ्या प्रमिलाबाईंनी विचारलं, "अक्का, बाटली कशी भरली होती?"

"चुल्हावर तापाडं, फडकामा गायं, मंग भरं. सरकारना घर पानी जाई राह्यनं, गढूय कसं धाडू?"

पाहुण्याला द्यावं तसं त्यांनी उकळून, गाळून दिलं होतं! आमचे भाऊबंद चुलीवरच संपले, मग कागद स्वच्छच येणार. प्रमिलाबाई हसल्या नाहीत. नवी बाटली देत म्हणाल्या, "पोरं पितात तसंच आणा."

त्या बाटलीतून मी आलो. हे सगळं मला प्रयोगशाळेतच ऐकायला मिळालं.

प्रमिलाबाईंनी आम्हाला जांभळ्या पाण्याच्या नळीत सोडलं. आणि काय सांगू, त्यात दुधाची साखर होती! पहिला कण खोबणीत बसला तेव्हा मी अक्षरशः थरथरलो. तो आत गेला, जंतूला खबर लागली आणि त्यानं माझ्यासारखे हजारो दारवान घडवले. आम्ही साखर ओढत राहिलो, आमचा जंतू ती आंबवत राहिला.

दुसऱ्या दिवशी आंबण्यातल्या आम्लानं नळी पिवळी झाली होती, आत उलट्या ठेवलेल्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकला होता.

निकाल ऐकायला आलेल्या वच्छलाबाईंना प्रमिलाबाई म्हणाल्या, "अक्का, आतड्यातले जंतू निघाले, म्हणजे विहिरीत घाण आहे."

वच्छलाबाई म्हणाल्या, "मी धाडेल पानीवर कागद उना. त्याना भरोसावर गावना बठ्ठा पोरे इहिरनं पानी पी राह्यनात."

"खरं पाणीही तुम्हीच आणलंत. आजच पावडर टाकायला सांगते. नात कशी आहे?"

"आज उठीसन बसनी," म्हणताना त्यांना रडू फुटलं.

आता आमची नळी जंतू मारणाऱ्या वाफेच्या भांड्यात जाईल. तक्रार नाही. प्रमिलाबाई, तुमचे उपकार फार. जन्मभर जिची वाट पाहिली ती साखर तुम्ही दिलीत. आणि वच्छलाबाई, विहिरीत अजून माझे सख्खे भाऊ आहेत, पण त्यांच्या शेजारी ते हगवणीचे जंतूही आहेत. पावडर टाकताना हात आखडता घेऊ नका.