जब्बारमियांच्या देगेतला पहिला घास

पडेगावच्या आचारी जब्बारमियांनी लग्नाच्या नान-खलियाची, नानसोबतच्या मटणाच्या रश्श्याची, देग उघडली, की पहिला घास त्यांच्या नातीचा. नानचा तुकडा तर्रीत बुडवायचा, फुंकर मारायची आणि पाच वर्षांच्या आमरीनला भरवायचा. ती "मीठ बराबर" म्हणाली, की मगच वाढप.

पण हिवाळ्यापासून आमरीनचा खालचा ओठ सुजलेला होता. दुखत नव्हता, उतरतही नव्हता. कुणी म्हणालं मुंगी चावली, कुणी म्हणालं तिखट बाधलं. मलमं झाली, ॲलर्जीचं औषध झालं. मग पोट दुखू लागलं, वजन वाढेना. शेवटी मुलांच्या पोटविकाराच्या डॉक्टरबाईंनी दुर्बिणीनं आतडं तपासलं आणि तिच्या आईला, राहतला, समजावलं, "ओठाची सूज आणि आतड्याची सूज एकाच आजाराची आहे. क्रोन्स म्हणतात त्याला." आतड्याची सूज उतरावी म्हणून सहा आठवडे फक्त डब्यातल्या खास औषधी पावडरचं दूध द्यायचं, बाकी कणभरही नाही. नाही जमलं तर स्टेरॉइड.

"खलियावाल्याच्या घरातली पोर," जब्बारमियां म्हणाले, "तिला जमंल व्हय हे?"

राहतलाही खात्री नव्हती.

ओठ थोडा उतरू लागला होता, तेवढ्यात बिडकीनचं लग्न आलं. देग उघडली, वाफ उसळली आणि जब्बारमियांचा हात सवयीनं चालला. तुकडा बुडवला, फुंकर मारली, शेजारी उभ्या आमरीनच्या तोंडाशी नेला.

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नाना, मेरा दूध चालू है ना!"

जब्बारमियांनी घास मागे घेतला. यजमान इनायतभाई कळवळले. "एका घासानं काय होतंय मियां? पोरीला उपाशी ठिवून आम्ही जेवायचं का?"

"उपाशी नाय," बोटांच्या फटीतून उत्तर आलं. "पोट बरं झालं की खाईन."

"ऐकलंत?" जब्बारमियांची छाती फुगली. "तुमची शुगर एवढी, तरी गुलाबजामची परात तुम्हाला सुटत नाय! आन् ही पाच वर्षांची!"

मांडवात हशा पिकला. इनायतभाईही हसले.

जब्बारमियांनी हात धुतले आणि राहतनं दिलेल्या पिशवीतून डबा काढला. आख्ख्या गावाचं जेवण अंदाजावर शिजवणारा माणूस चमचा बोटानं सपाट करून पावडर मोजू लागला. पोऱ्ये ताटं घेऊन खोळंबले.

"मियां, वाढायचं का?"

"थांबा," ते मान वर न करता म्हणाले. "आधी माझ्या नातीचं जेवण."