दोन मालकांची कढई

मित्रांनो, मी अमरावतीच्या भाजीबाजारातली जुनी लोखंडी कढई आहे आणि मला फार राग आलेला आहे. आधीच सांगून ठेवते. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की डोळ्यांत पाणी आणतात, दोन उपदेश करतात आणि गप्प होतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका.

अचलपूरच्या एका लोहाराने मला चार दिवस ठोकून घडवले. मैनाबाई आणि अन्सारभाऊ मला न्यायला एसटीने आले होते. कंडक्टरने माझेही तिकीट फाडले, आणि ते कोणी काढायचे यावरून दोघे अमरावती येईपर्यंत भांडत होते.

त्या दोघांचे दुकान एकच होते. एक ओटा, एक भट्टी, वर टिनाचे छप्पर. सकाळपासून बारापर्यंत मैनाबाई गिला वडा करायच्या, म्हणजे उडदाच्या डाळीचे वडे तळून पातळ दह्यात सोडायच्या. बाराला त्या आपले तेल डब्यात काढून घेत, मला राखेने घासत आणि ओट्यावर पालथी घालत. मी पालथी दिसले की अन्सारभाऊ दुकानाचा ताबा घेत आणि दिवे लागेपर्यंत मिरचीची भजी तळत. जाताना तेही मला घासून पालथी घालत. रमजानमध्ये मैनाबाई अर्धा तास आधी आवरत. नवरात्रात अन्सारभाऊ न सांगता मला दोनदा घासत.

म्हणून दोघांत गोडीगुलाबी होती असे समजू नका.

"अन्सारभाऊ, तुमच्या मिरचीचा ठसका राहून जाते कढईत. माहे गिऱ्हाईक खोकलून राहिले," मैनाबाई कुरकुरत.

"खोकलन तं दही जास्त खाईन ना, बाई. तुमचाच फायदा हाय," अन्सारभाऊ म्हणत.

तीस वर्षे अशी गेली. दुकान कोणाचे, असे सकाळी विचारले तर मैनाबाई "माहं" म्हणत. संध्याकाळी विचारले तर अन्सारभाऊही "माहं" म्हणत. दोघेही खरे बोलत आणि सारा बाजार ते जाणून होता.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचे ठरले. ज्यांची दुकाने पडणार, त्यांना नव्या इमारतीत गाळे मिळणार होते. यादी करायला महापालिकेचा एक कारकून आला, तो सकाळी दहा वाजता. त्याने दोन प्लेटी गिला वडा खाल्ला, चटणीची तारीफ केली आणि वही उघडून विचारले, "दुकान कोणाचं?" मैनाबाईंचे हात डाळीत होते. त्यांनी मान वर न करता रोजचेच उत्तर दिले.

"माहं."

त्या एका शब्दाने अन्सारभाऊंची तीस वर्षांची जागा गेली. यादी लागली तेव्हा चौदा नंबरच्या गाळ्यावर एकट्या मैनाबाईंचे नाव होते. ज्याचे नाव नाही त्याला गाळ्यात धंदा करायला मनाई होती.

मैनाबाईंनी मला पोत्यात घातले, अन्सारभाऊंना सोबत घेतले आणि कार्यालय गाठले. साहेबांच्या टेबलावर मला ठेवून त्या म्हणाल्या, "हे पाहा साहेब. हिचा एक कान माहा हाय, एक अन्सारभाऊचा."

साहेब म्हणाले, "ती आधी खाली ठेवा. टेबलाला डाग पडतील."

माझ्या बुडाला तीस वर्षांची काजळी आहे. ती कष्टाची आहे. त्या टेबलाला एवढी तरी अब्रू होती का, मित्रांनो?

शेवटी साहेबांनी वाट दाखवली. दुकान अन्सारभाऊंचेही होते असे संध्याकाळच्या पाच गिऱ्हाइकांनी आठ दिवसांत लिहून द्यावे, मग गाळ्यावर दोन्ही नावे चढतील. मला वाटले, पाच कशाला, पाचशे मिळतील. माझ्याभोवती रोज एवढी गर्दी असायची की तेलाचे शिंतोडे उडाले तरी कोणी मागे सरत नसे.

अन्सारभाऊ दारोदार गेले. रोज भजी बांधून नेणारे एक मास्तर म्हणाले, "अन्सारभाऊ, मले कायले गुंतवता याच्यात?" दुसरे म्हणाले, सोमवारी पाहू. तिसऱ्याने घरात असून घरी नाही म्हणून कळवले. आठ दिवसांत दोन सह्या झाल्या. मुदत संपली.

माझा राग त्या कारकुनावर आहे, साहेबांवर आहे, पण सर्वांत जास्त तुमच्यावर आहे. तुम्ही खाल्लीत ती भजी. "अन्सारभाऊसारखी मिरची साऱ्या वऱ्हाडात नाही," असे तोंड भरून म्हणालात. सही करायला किती वेळ लागला असता? भजीचा एक घाणा निघायला लागतो तेवढाही नाही.

गाळ्याच्या पहिल्या दिवशी मैनाबाईंचा मुलगा विपुल खुशीत होता. "आई, आता पुरा दिवस आपला," तो म्हणाला. दुपारी गिऱ्हाइकांची रांग लागलेली होती. मैनाबाईंनी तेल काढून घेतले, मला घासले आणि शटर ओढले.

"चालू धंदा बंद काहून करून राहिली तू?" विपुल ओरडला.

"बारा वाजले," मैनाबाई म्हणाल्या. "याच्यापुढचं दुकान माहं नाही."

आता रोज बाराला गाळा बंद होतो. मैनाबाई मला ऑटोत घालून जुन्या रस्त्याच्या कोपऱ्यावर नेतात. तिथे अन्सारभाऊंची हातगाडी लागते. ती उठवायला महापालिकेची गाडी येते. आठवड्यातून दोनदा तर येतेच. गाडी दिसली की अन्सारभाऊ उकळत्या तेलासकट मला सांभाळत हातगाडी गल्लीत पळवतात. परवा त्यांचे मनगट भाजले. तेव्हा भोवती दहा-बारा जण भजी खात होते. ते सगळे बाजूला सरकून पाहत राहिले.

मित्रांनो, मला घासायला मैनाबाई आहेत, अन्सारभाऊ आहेत. माझी काळजी करू नका. पुढच्या वेळी ती गाडी येईल तेव्हा भजीचा कागद हातात घेऊन बाजूला सरकू नका. तिथेच उभे राहा.