लिफ्टमधली बाई आणि तीन ठोके

सात मजल्यांच्या त्या इमारतीतली लिफ्ट दोन महिने बंद होती, आणि तिच्यात एक बाई राहते हे एव्हाना तिथल्या सगळ्या मुलांना पाठ झालं होतं. बाई म्हणे चौथ्या मजल्यावर आत शिरली आणि बाहेर आलीच नाही. दुपारी जिन्यात सामसूम झाली की ती श्वास घेते. दाराला कान लावला तर ऐकूही येतो. हुस्स... हुस्स...

हा श्वास म्हणजे नक्की काय, ते एकाच मुलीला ठाऊक होतं. लिफ्ट दुरुस्त करणारे मिस्त्री त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत, आणि ही त्यांची एकुलती एक मुलगी. गच्चीवरच्या मशीन-रूमच्या फुटक्या खिडकीतून वारा आत यायचा आणि लिफ्टच्या उभ्या पोकळीतून खाली उतरायचा, एवढीच ती बाई. पण हे सांगायचं कुणाला? बाईचा शोध कॅप्टनने लावला होता, आणि कॅप्टनची बाई खोटी पाडायची म्हणजे त्याच्या टोळीतून स्वतःच्या हाताने नाव खोडायचं.

कॅप्टन सोळा वर्षांचा, सातव्या मजल्यावरचा. त्याला अजून मिशी फुटायची होती, रुबाब मात्र केव्हाच फुटला होता. त्याच्या टोळीत दोन जुळे भाऊ होते. ते एकदम हसायचे, एकदम घाबरायचे आणि परीक्षेत एकाच प्रश्नाचं एकच चुकीचं उत्तर लिहायचे. टोळीत यायचं तर धाडसाची परीक्षा द्यावी लागे. मिस्त्रींच्या मुलीला परीक्षेआधीच एक नाव मिळालं होतं, चिडवायचं. मिस्त्रीण. तिला ते मुळीच आवडलं नव्हतं, पण फाटकाजवळच्या बाकावर टोळीशेजारी बसायला मिळतंय म्हणून तिने ते गिळलं. चौदाव्या वर्षी माणूस काय काय गिळतो, त्याची यादी करायला बसू नये.

टोळीच्या आधी तिला एकच मैत्रीण होती, गोटी. गोटी बरोबर तिच्या खालच्या घरात राहायची. अंगाने बुटकी, गोल, आणि हसायला लागली की थांबायची नाही. तिची आई नर्स होती आणि आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी ड्यूटीवर असायची, त्यामुळे गोटी अर्धी वरच्याच घरात वाढली होती. मिस्त्रींच्या मागेमागे पान्यांची पेटी उचलत फिरणाऱ्या या दोघी म्हणजे इमारतीची ओळखच होती.

मिस्त्रींची एक सवय होती. बंद लिफ्टचा मुख्य स्विच चालू करण्याआधी ते पाना घेऊन लोखंडी चौकटीवर तीन ठोके मारत आणि मनात दहा मोजत. आत कुणी असेल तर त्याने दोन ठोके द्यायचे. तीन म्हणजे ‘आहेस का?’ आणि दोन म्हणजे ‘आहे, थांब.’

“पाट्या कुणी वाचत नाही,” ते सांगत, “हाक अर्ध्या वाटेत विरून जाते. ठोका लोखंडातून थेट हाडात जातो.”

त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. उरलेली कुठे गेली असं कुणी विचारलं, तर ते म्हणत, “त्या दिवशी माझ्या गुरूने ठोकलं नव्हतं.”

दोघी मैत्रिणींनी ही सवय उचलून घरी नेली होती. दोन्ही घरांच्या मागच्या खोलीतून पाण्याचा एकच पाइप जायचा. रात्रीच्या जेवणाआधी खालून तीन ठोके यायचे, वरून दोन जायचे. गोटीचा वाजवण्याचा एक थाट होता. पहिला ठोका दणदणीत आणि शेवटचा लाजत लाजत. आठ वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नव्हता, अगदी गोटीला गालगुंड झाले होते तेव्हाही नाही.

मग एके दिवशी कॅप्टनने मिस्त्रींना ठोके मारताना पाहिलं. बाकावर येऊन त्याने त्यांची नक्कल केली. वाकला, डोळे मिचकावले आणि पडक्या आवाजात म्हणाला, “लिफ्टताई, येऊ का आत?” जुळे पोट धरून हसले. सगळ्यांच्या नजरा मिस्त्रीणकडे वळल्या. आणि ती हसली. स्वतःच्या बापावर हसली.

त्या संध्याकाळी पाइपवर तीन ठोके आले तेव्हा तिचा हात उठलाच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एकदा उत्तर चुकवलं की दुसऱ्यांदा द्यायला जास्त लाज वाटते, तिसऱ्यांदा त्याहून जास्त. असे दहा दिवस गोटी ठोकत राहिली. अकराव्या दिवशी पाइप गप्प झाला.

आणि मग तो रविवार आला. शनिवारीच मिस्त्रींनी लिफ्टचं काम पुरं केलं होतं. सोमवारी तपासनीस येऊन सही करणार, मग लिफ्ट सुरू होणार. तोवर कुणी आगाऊपणा करू नये म्हणून त्यांनी सहाव्या मजल्यावरचं लिफ्टचं दार उघडंच ठेवून पुढे आडवी फळी ठोकली होती. एक जरी दार उघडं असलं तरी लिफ्ट जागची हलत नाही. कुलपापेक्षा त्यांचा या युक्तीवर भरवसा होता.

“आज तुझी परीक्षा,” कॅप्टन म्हणाला. “बाबांच्या किल्ल्या आण. मशीन-रूममध्ये जायचं आणि स्विच टाकून बाईला उठवायचं. जमलं तर तू टोळीत. नाही जमलं तर पुन्हा बाकाकडे फिरकू नकोस.”

“उठवायचं!” जुळे एकदम म्हणाले.

मिस्त्री जेवून घोरत होते. स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावरून किल्ल्यांचा जुडगा तिने न वाजवता काढला. सगळे जिना चढायला लागले. सहाव्या मजल्यावर ती थबकली. फळी काढून भिंतीला टेकवलेली होती आणि लिफ्टचं दार बंद होतं.

“हे दार कुणी लावलं?”

“मी,” कॅप्टन म्हणाला. “एखादं लहान पोर पडायचं आत.”

तिला वाटलं, पोरगा दिसतो तेवढा वाईट नाही. आणि मनातल्या मनात तिला गुदगुल्याही झाल्या. दार लागलंय म्हणजे स्विच टाकला की लिफ्ट खरंच हलणार! लिफ्ट अजून मेलेलीच आहे, असं या तिघांना वाटतंय. मशीन घरघरायला लागलं की कॅप्टनचं तोंड कसं होईल, ते बघायला मिळालं तर परीक्षेचं सोनं होईल.

मशीन-रूम म्हणजे गच्चीवरची एक काळवंडलेली खोली. मध्ये मोटर, तिच्या चाकावरून जाणारे जाड तारदोर, आणि ते खाली उतरावेत म्हणून जमिनीत ठेवलेलं भोक. खिडकीतला थंडगार वारा त्या भोकातून खाली जात होता. हुस्स... हुस्स... तो वारा आहे हे माहीत असूनही मिस्त्रीणच्या मानेवर काटा आला. ती स्विचच्या पेटीपाशी गेली. जुळे दारात एकमेकांना चिकटून उभे राहिले.

कॅप्टनने जमिनीवर जोरात पाय आपटला.

“हे कशाला?” तिने विचारलं.

“बाईला जागं करतोय.” त्याने जरा वाट पाहिली, मग पुन्हा पाय आपटला. काहीच घडलं नाही, तसा तो चिडला. “टाक ना स्विच! टरकलीस का?”

“टरकली!” जुळे.

तिने मुठीत दांडा धरला. आणि तेव्हाच तिचा दुसरा हात, तिला न विचारता, भिंतीवरच्या खिळ्याकडे गेला. तिथे बाबांचा पाना लटकत होता.

कॅप्टन खो खो हसला. “आता ही पण विचारणार! लिफ्टताई, येऊ का आत?”

हात मागे आला. कानांच्या पाळ्या तापल्या. स्विच टाकला की टोळी तिची, बाक तिचा, उद्या शाळेत चौघं एका रांगेत चालणार. फक्त दांडा वर ढकलायचा. आत कोण असणार आहे? कुणीही नाही. बाई तर वारा आहे.

पण तिला ती अर्धी करंगळी दिसली. रोज सकाळी चहाचा कप धरताना कपाबाहेर राहणारी. त्या दिवशीही कुणीतरी म्हणालं असेल, आत कोण असणार आहे?

“हसा,” ती म्हणाली. तिने पाना उचलला आणि चौकटीवर मारला. ठण्. ठण्. ठण्. मग ती मोजायला लागली.

एक, दोन, तीन. जुळे खिदळत होते. चार, पाच. कॅप्टनने खोटी जांभई दिली. सहा.

ठक.

खालून, काळोखातून, लोखंडातून. मग किंचित थांबून, हळूच, ठक.

जुळे किंचाळलेसुद्धा नाहीत. क्षणापूर्वी दारात होते, आता नव्हते. त्यांच्या चपला तेवढ्या गच्चीवर राहिल्या, चारही. कॅप्टन हसायला लागला, पण मिस्त्रीणचा चेहरा बघून मध्येच थांबला. ती घाबरली नव्हती. पहिला ठोका दणदणीत, शेवटचा लाजत लाजत. हा हात ती झोपेतही ओळखली असती.

“आत गोटी आहे,” ती म्हणाली. “कॅप्टन, आत गोटी आहे!”

“अगं, गंमत होती. ती लिफ्टच्या टपावर बसलीये. मी पाय आपटला की तिने भुतासारखं ओरडायचं ठरलं होतं. तुला घाबरवलं तर तिलाही टोळीत घेणार होतो. त्यात काय एवढं? लिफ्ट बंदच आहे ना?”

“काल दुरुस्त झाली.”

“म्हणजे?”

“करंट आला की ही लिफ्ट आधी स्वतःहून सगळ्यात वर येऊन थांबते. टप आणि छत यांच्यात वीतभर जागा राहते. दार उघडं होतं म्हणून ती हलली नसती. ते दार तू लावलंस.”

कॅप्टनने भोकाकडे पाहिलं, आणि मग स्विचच्या दांड्याकडे. मग तो जिथे होता तिथेच, तेलाच्या डागावर, खाली बसला. त्याचा रुबाब त्या क्षणी जो गेला, तो पुढे बरेच दिवस सापडला नाही.

तिने मशीन-रूमला कुलूप घातलं, किल्ल्या मुठीत घट्ट आवळल्या आणि धावत सहाव्या मजल्यावर येऊन लिफ्टचं दार उघडलं. समोर, उंबऱ्याच्याच पातळीवर, लिफ्टच्या टपावर गोटी मांडी घालून बसली होती. अंगावर पांढरी चादर, तोंडाला इंचभर पावडर, डोळ्यांभोवती काजळाची वर्तुळं. एका हातात बॅटरी होती, ठोके त्या बॅटरीनेच मारले असणार. इतकं गुबगुबीत भूत कुणी पाहिलं नसेल. मिस्त्रीणने तिला हाताला धरून बाहेर ओढलं, घट्ट मिठी मारली आणि मग दोघी जिन्यात बसून रडल्या. पावडर दोघींना पुरली.

“ओरडायचं ठरलं होतं ना तुझं?” मिस्त्रीणने नाक पुसत विचारलं. “दोनदा पाय आपटला त्याने.”

“ऐकलं की. ओरडायला तोंडही उघडलं होतं. पण पहिल्या वेळी हसूच आलं, दुसऱ्या वेळी ठसका लागला. तिसऱ्यांदा जमवणार तेवढ्यात तुझे तीन ठोके आले.” गोटीने चादरीला डोळे पुसले. “मग कशी ओरडणार? तू विचारत होतीस ना, आहेस का म्हणून.”

मिस्त्रीण तिच्या केसांतली पावडर झटकायला लागली.

“मी दहा दिवस विचारत होते,” गोटी म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं असतं तर परवडलं असतं.

मिस्त्रींना सगळं सांगावं लागलं. ते ओरडले नाहीत, आणि ते फार वाईट लक्षण होतं. त्यांनी टीव्हीचा एक रिकामा खोका आणून लिफ्टच्या टपावर ठेवला, दार लावलं आणि पाचही मुलांना गच्चीवर नेऊन रांगेत उभं केलं. तीन ठोके मारले, दहा मोजले, स्विच टाकला. मशीन घरघरलं. जमिनीखालून ‘कर्रर्र’ असा आवाज आला आणि थांबला. पुढचा मिनिटभर कुणीही कुणाकडे पाहिलं नाही. लिफ्ट खाली नेऊन त्यांनी टपावरून खोका काढला, तेव्हा तो चेपून वीतभर उरला होता. त्यांनी तो कॅप्टनच्या हातात दिला.

“घरी ठेव,” ते म्हणाले. “सांभाळून.”

सोमवारी तपासनिसांसमोर लिफ्ट सुरू करायची वेळ आली, तेव्हा मिस्त्रींनी पाना मुद्दाम कॅप्टनकडे दिला. त्याने तीन ठोके मारले आणि मोठ्याने मोजायला लागला. दहावर थांबायला हवं होतं, पण पठ्ठ्या वीसपर्यंत गेला. कुणी हसलं नाही. जुळेसुद्धा ओठ हलवून मोजत होते. निघताना कॅप्टन मान खाली घालून म्हणाला, “मिस्त्रीण, बाकावर ये ना आज. गोटीला पण आण.” आणि पहिल्यांदाच तिला ते नाव कुणीतरी मानाने दिल्यासारखं वाटलं.

“बघू,” ती म्हणाली. बाक कुठे पळून जात नव्हता. आधी दुसरं एक काम राहिलं होतं.

संध्याकाळी जेवणाआधी ती मागच्या खोलीत पाइपापाशी बसली. चमच्याने तीन ठोके मारले आणि मोजायला लागली. पाच झाले. आठ. नऊ. दहा. पाइप गप्प. तिने पुन्हा तीन ठोके मारले, या वेळी हळूच. पुन्हा दहा झाले. तिला कळलं, दहा दिवस खाली असं वाटत होतं. चमचा हातात धरून ती तशीच बसून राहिली.

तेवढ्यात घराच्या दारावर वाजलं. आधी दणदणीत, मग लाजत लाजत.