पाव फेरा

सासऱ्यांनी इंजिनाखाली लाकडी ठोकळा सरकवला, मोटारसायकलचं पुढचं चाक अधांतरी झालं तसं हँडलला एका बोटाने टिचकी मारली. हँडल थोडं कलंडलं आणि मध्येच थांबलं.

"आपल्या वजनाने पार बाजूला पडायला हवं ना ते, आबा?" सून म्हणाली. टॉर्च धरायचं काम तिच्याकडे होतं.

"पडेल. बेअरिंगचे छर्रे नवे आहेत, ग्रीस ताजं आहे. चार दिवस पळली की होईल मोकळं. सैल राहिलं तर मात्र उतारावर हँडल हातात राहत नाही."

"पण जड वाटतंय."

"तू टॉर्च धर."

तिने टॉर्च धरला. सासऱ्यांनी हँडलखालच्या खाचांच्या चकतीत आकडीचा पाना अडकवला, चकती आणखी जराशी घट्ट केली आणि वरचा मोठा नट आवळला. मग पाना भिंतीवरच्या खिळ्याला टांगला, तोंड भिंतीकडे करून. तोंड बाहेर आलेलं त्यांना खपत नसे. घरात अशा बऱ्याच गोष्टी त्यांना खपत नसत, म्हणून सुनेने त्यांचं नाव शिस्तमंत्री ठेवलं होतं, आणि ते त्यांना मनातून आवडायचं.

सगळी हयात कारखान्यात फिटर म्हणून गेलेला माणूस. पण वर्षभरापासून बोटांतली जाण जात चालली होती. कप निसटायचा. शर्टाची बटणं आरशात बघून लावावी लागायची. त्याची भरपाई म्हणून की काय, हाताला लागेल ते ते जोर लावून आवळत. लोण्याचा डबा उघडायला सुनेला गुडघ्यात धरावा लागे आणि नळाचे वायसर तर ती गुपचूप बदलून टाकी. याबद्दल आबांसमोर चकार शब्द काढायचा नाही, असं नवराबायकोचं ठरलेलं होतं. त्यांच्या हातचं काम गेलं तर माणूसच जाईल, असं मुलगा म्हणायचा. खोटं नव्हतं ते.

संध्याकाळी मुलगा आला. तो वजनकाट्यांची दुरुस्ती करायचा. सकाळी त्याला घाट उतरून पलीकडच्या बाजारात जायचं होतं. त्याने हँडल इकडेतिकडे फिरवलं.

"वा, आबा! झकास."

आबा खूश होऊन अंघोळीला गेले. मुलगा स्वयंपाकघरात आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अगं, लाकूड झालंय हँडलचं. उतारावर वळायचं कसं मी?"

"मग सांगा ना त्यांना."

"तू सांग."

दोघांनाही हसू आलं. शेवटी ती पदराला हात पुसत अंगणात गेली आणि खिळ्यावरचा पाना काढला. वरचा नट सोडला, चकती पाव फेरा मागे घेतली, नट पुन्हा आवळला. ठोकळ्यावर चढवून मुलाने टिचकी मारली. हँडल अलगद बाजूला पडलं. काट्यावर बरोबर वजन बसावं तसं.

"मंत्रीणबाई आहेस खरी," तो म्हणाला.

न्हाणीघराची कडी वाजली. तिने घाईघाईत पाना टांगला, ठोकळा पायाने ढकलला आणि भाजीकडे पळाली.

सकाळी ती उठली तेव्हा सासरे पायरीवर बसून फडक्याला हात पुसत होते. ते नेहमीच कशाला ना कशाला तरी हात पुसत असायचे. तिने लक्ष दिलं नाही. मुलाने लोखंडी वजनांची पेटी मागे बांधली.

"पोचलात की फोन करा," ती म्हणाली.

"पोचल्यावरच करीन. गाडीवर असताना वाजला तरी उचलायचा नाही, मंत्र्यांचा हुकूम आहे."

"उचललास तर याद राख," सासरे म्हणाले.

फाटकाच्या उंबऱ्यावरून गाडी उतरली आणि पुढून कुठेतरी खट् वाजलं.

"अरे, वजनं नीट बांध!" सासरे ओरडले. त्याने मागे न बघता हात केला आणि तो वळणाआड गेला.

तिने चहा टाकला. का कोण जाणे, तो खट् तिच्या कानातून जाईना. पेटी तर मागे होती. सासऱ्यांनी कप दोन्ही हातांत धरला.

"पोरी, एक सांगू? त्याला सांगू नकोस."

"काय झालं, आबा?"

"काल पाना मी उलटा टांगला. तोंड बाहेर. सकाळी दिसलं मला. उभ्या जन्मात असं झालं नव्हतं. म्हटलं, टांगताना हात चुकला, तर आवळताना काय केलं असेल मी?" ते ओशाळं हसले. "तू म्हणत होतीस ना, जड आहे म्हणून. तुझंच खरं. बोटांना आता काही कळत नाही मला. आणि ठोकळा लावून बघत बसलो असतो तर तुम्ही जागे झाला असता. म्हणून पाव फेरा सैल केला आणि वरचा नट आवळून टाकला. आता बिनघोर जाईल."

तिने गाळणी खाली ठेवली. फोन उचलला, नंबर लावला. रिंग वाजू लागली.

"आत्ताच तर गेलाय. उचलायचा नाही तो," सासरे म्हणाले. आवाजात अभिमान होता. "काय विसरला?"

रिंग वाजून बंद झाली. तिने परत लावला. गावाबाहेरचा पूल ओलांडला की घाट लागतो आणि पूल काही लांब नव्हता.

"अगं, काय विसरला?"

"पाना तुम्ही उलटा नव्हता टांगला, आबा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग दारातून अंगणातल्या खिळ्याकडे. कप बशीत ठेवायला हात पुढे केला, तो बशीच्या बाहेरच टेकला.

"किती सोडलंस?"

"पाव फेरा."

सासरे उठले आणि अनवाणीच फाटकाकडे चालू लागले. तिच्या कानाशी रिंग वाजतच होती.