आवळून धरलं

दुभाष्याला त्या दिवशी तीन सुनावण्या होत्या. पाळणाघराची ही तिसरी. बावीस वर्षं तो हेच काम करत होता. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत पोचवायचं, पदरचं काही घालायचं नाही. "तुम्ही म्हणजे नुसता नळ," बायको म्हणायची. "पाणी कुणाचं, घागर कुणाची." तो हसायचा, पण मनातून त्याला त्याचा अभिमानच होता.

समोर मावशी बसली होती, खुर्चीच्या अगदी कडेला. पाळणाघरात अकरा वर्षं मुलं सांभाळणारी बाई. चार वर्षांच्या एका मुलीच्या दंडांवर बोटांचे वळ उठले होते, म्हणून त्या मुलीच्या आईनं तक्रार केली होती. तेव्हा खोलीत मावशीशिवाय मोठं माणूस कुणी नव्हतं. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंना मराठीचा गंध नव्हता. त्यांनी इंग्रजीत विचारलं, काय झालं ते सांगा. दुभाष्यानं ते मराठीत सांगितलं.

"पोरगी भिंतीवर डोकं आपटत होती हो," मावशी त्याच्याकडेच बघत म्हणाली. "कुणाचं ऐकेना. मी धावले, तिला उचललं आणि आवळून धरलं. शांत होईपर्यंत सोडलंच नाही."

आवळून धरणं इंग्रजीत कसं सांगायचं? हग म्हणावं, तर ते वाढदिवसाला करतात. एम्ब्रेस फार पुस्तकी. कडल म्हणजे लाडात येऊन कुशीत घेणं, इथे लाड कुठले? दुपारचे चार वाजले होते, त्याचा घसा कोरडा पडला होता, आणि ओठावर सगळ्यात जवळचा शब्द आला. तिनं मुलीला स्क्वीझ केलं, असं त्यानं सांगितलं.

अधिकारी बाईंचं पेन थांबलं. "जोरात?"

त्यानं मावशीला विचारलं, "जोरात आवळलं का?"

"मग? हळू धरली असती तर राहिली असती का ती?"

तेही त्यानं जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. त्यांचा चेहरा बघूनच शब्द चुकल्याचं त्याला कळलं. होल्ड, जवळ होल्ड केलं, एवढं साधं म्हणायचं होतं. पण दुभाष्यानं मधेच स्वतःचं बोलू नये असा नियम होता, आणि आपण चुकलो हे म्हणायला त्याची जीभ रेटेना. पुढच्या प्रश्नात विषय निघेल तेव्हा सुधारू, असं म्हणून त्यानं दम धरला. पुढचा प्रश्न आलाच नाही.

सही करताना मावशीनं विचारलं, "सगळं नीट सांगितलंत ना, भाऊ?"

"हो," तो म्हणाला.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. तो मावशीला तिच्या भाषेत वाचून दाखवायला दुभाष्यालाच बोलावलं. समोर इंग्रजी कागद धरून तो एकेक वाक्य मराठीत सांगू लागला. या बाईंनी मुलीला जोरानं दाबल्याचं स्वतः कबूल केलं आहे. यापुढे त्यांना कुठेही लहान मुलांचं काम करता येणार नाही.

"दाबलं?" मावशी म्हणाली. "मी असं कधी म्हटलं?"

त्यानं कागद खाली ठेवला आणि अधिकारी बाईंना सांगितलं की चूक माझी आहे, शब्द माझा आहे. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. लेखी द्या म्हणाल्या. त्यानं त्याच संध्याकाळी दोन पानं लिहून दिली. उत्तर एका ओळीचं आलं: जबाबावर सही जबाब देणाऱ्या बाईंचीच आहे, दुभाष्याला मागाहून आठवलेलं ग्राह्य धरता येत नाही.

ते सांगायला तो तिच्या घरी गेला. दार मावशीच्या लेकीनं उघडलं. मावशी खिडकीशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"चूक माझी आहे, मावशी. मी शब्द चुकलो."

तिनं हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार? अकरा वर्षं मी तिथे होते, त्यांच्यासारखे इंग्रजीत चार शब्द बोलायला शिकले असते तर ही वेळ आली नसती."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आतून लेकीची मुलगी पळत आली, उंबऱ्याला अडखळली आणि तोंडावर आपटली. ओठ फुटला. रडत रडत उठून ती थेट आजीकडे गेली, दोन्ही हात वर करून. मावशी उभी राहिली आणि तिनं आपले हात पाठीमागे नेले.

"अगं ए," तिनं लेकीला हाक मारली, "हिला घे बघू."

पोर आजीच्या गुडघ्याला धरून रडत राहिली. मावशी भिंतीला टेकली, आणखी मागे सरकायला जागा नव्हती. लेकीनं येऊन मुलीला उचललं.

त्याला जिन्यापर्यंत सोडायला आलेली लेक हळू आवाजात म्हणाली, "कागद आला त्या दिवसापासून हेच चाललंय. जेवू घालत नाही, केस विंचरत नाही. मी म्हटलं, आई, आपलीच आहे ती. तर म्हणते, वळ उठले तर?"

तो जिना उतरला. आतून पोरीचं रडणं खालपर्यंत ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला त्याला दुसऱ्या एका सुनावणीत दुभाषा म्हणून बसायचं होतं. तो वेळेवर पोचला.